नात्याचा रकाना

कुळाचा प्रमुख लेमाना वारून पाच महिने झाले तरी त्याचं माताउलोआ हे नाव मोकळंच पडलं होतं. आमच्या बेटावर माणूस मेला की माणसाला पुरतात, कुळाचं नाव पुरत नाहीत. ते पुढच्या कोणाला तरी धारण करावं लागतं. ज्यानं ते धारण केलं त्यानं मरेपर्यंत जमिनीचे तंटे सोडवायचे, लग्नाला-मयतीला चटया आणि डुकरं गोळा करायची, गावच्या बैठकीत ठरलेल्या खांबाला पाठ लावून बसायचं, आणि बेट सोडून कुठं जायचं नाही. एवढा व्याप मागे लागतो हे ठाऊक असूनही या नावापायी भाऊ भावाचं तोंड बघत नाही.

तेलेसियानं रविवार पक्का केला. आधी चर्च, मग कौल, मग जेवण. ती थोरल्या पातीची, म्हणजे लेमानाच्या थोरल्या भावाच्या वंशातली, थोरली लेक. बहिणीच्या शब्दाला आमच्याकडे वजन असतं आणि तेलेसिया ते वजन छटाकानं नाही, पोत्यानं वापरायची. मागच्या खेपेला नाव धाकट्या पातीत, लेमानाकडे गेलं. आता पाळी थोरल्या पातीची, म्हणजे आपला भाऊ इयाकोपो याची, असं तिचं म्हणणं. धाकट्या पातीचं म्हणणं असं की लेमानाचा मुलगा ताविता इथंच राहिला, पंचवीस वर्षं बापाच्या हाताखाली राबला, चर्चमध्ये डीकन झाला. इयाकोपो मात्र अठ्ठावीस वर्षं अमेरिकेच्या लष्करात काढून साठी गाठायच्या बेताला घरी आला. दोन्ही बाजूंचं खरं होतं, म्हणून तर पाच महिने गेले.

या सगळ्यात लितारा कुठंच नव्हती. ती इयाकोपोच्या धाकट्या भावाची मुलगी, वय सदतीस. बाप मासेमारीच्या बोटीवरून परत आला नाही तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचा भार इयाकोपोनं उचलला. तो लष्करात, ती इथं त्याच्या आईजवळ, मालियाआजीजवळ. पण दर महिन्याला पत्र यायचं आणि दर नाताळला बूट, अंदाजानं घेतलेले, कायम एक नंबर मोठे. पुढं ती चौदा वर्षं पांगो पांगोच्या मासळीच्या कारखान्यात टूना मासे साफ करत उभी राहिली. कारखाना बंद पडला त्या आठवड्यात इयाकोपोनं तिला पिकअपमध्ये घातलं आणि कम्युनिटी कॉलेजच्या दारात नेऊन उतरवलं.

"कुठला विषय घेऊ?" तिनं विचारलं होतं.

"कॉम्प्युटरचा घे. माशावर सुरीची ओळ चुकली की बोट जातं. तिथं ओळ चुकली तर नुसतं लाल अक्षर येतं म्हणे. तुला जमेल."

संगणक माहिती प्रणाली असं त्या अभ्यासक्रमाचं भारदस्त नाव. लितारा दोन वर्षं तो अभ्यास करत होती आणि दर बुधवारी संध्याकाळी इयाकोपो तिला नेऊन सोडायचा, वर्ग सुटेपर्यंत गाडीत रेडिओ ऐकत बसायचा. परतीच्या वाटेवर ती त्याला आज काय शिकवलं ते सांगायची. त्याला अर्धंमुर्धं कळायचं, पण तो ऐकायचा मन लावून. आता शेवटचं सेमिस्टर, शेवटचा पेपर, डेटाबेस. येत्या मंगळवारी प्रोजेक्ट दाखवला की पदवी.

शिकवणाऱ्या बाई फिजीच्या, शिस्तीच्या. त्यांनी बजावलं होतं की माहिती आपल्या आयुष्यातली आणा, उसनी नको, आणि शंभर ओळींपेक्षा कमी नको. कोणी रग्बी संघ आणला, कोणी दुकानातला माल आणला. ताविताची मुलगी लूपे लिताराच्याच वर्गात, तिनं चर्चच्या गायकांची यादी आणली. लितारापाशी शंभराच्या वर ओळींचं एकच काही होतं, आणि ते तिला तोंडपाठ होतं. मरण्याआधी मालियाआजीनं चटई विणता विणता तिच्याकडून घोकून घेतलेली माताउलोआ घराण्याची वंशावळ, अकरा पिढ्यांची.

वंशावळ आमच्याकडे लिहीत नाहीत. लिहिलेली वंशावळ कोर्टात पोचते आणि नको त्याच्या हाती लागते. ती तोंडातून कानात जाते, तीही पोरांना बाहेर घालवून, कुत्री हाकलून. लितारानं ती प्रोजेक्टला घातली. चूक म्हणायची तर ही, आणि ती करताना तिच्या मनात काही नव्हतं. शंभर ओळी हव्या होत्या आणि तारीख जवळ येत होती.

वंशावळ म्हणताना आजोबा फालानिको यांच्या नावाशी मालियाआजी एक शब्द बोलायची, 'वाढवलेला', आणि श्वास न घेता पुढं जायची. बोलण्यात तो शब्द वाहून जायचा. तक्त्यात तसं जमेना. तिथं 'नातं' असा एक रकाना होता आणि तो कोरा ठेवला तर मशीन ती ओळच घेत नव्हतं. जन्मलेला की वाढवलेला, दोनातलं एक भरा. लितारानं आजीनं सांगितलेलं भरलं.

बुधवारी वर्गात तालीम होती. तिनं मशीनला विचारलं, पणजोबा माताउलोआ सिओने यांच्या रक्ताची माणसं कोण कोण? एक्केचाळीस नावं आली. शेजारी बसलेल्या लूपेनं मान वाकवून पाहिलं.

"ताई, तुमच्या पातीचं कोणीच नाही यात."

"तक्त्यांची जोडणी चुकली असेल."

"जोडणी बरोबर आहे. ही ओळ बघ, फालानिको. 'वाढवलेला' आहे ना, म्हणून त्यांच्या खालचे सगळे गळतात. तुझे काका, आत्या." लूपेनं पडद्यावर बोट खाली नेलं. "तूसुद्धा."

लितारानं तीन वेळा तपासलं. मशीनचं बरोबर होतं. सिओनेला सात वर्षं मूल नव्हतं म्हणून त्यानं फालानिकोला कुठून तरी आणून वाढवलं, आणि मग पोटचा लेमाना झाला. नाव जातं ते रक्तानं. इयाकोपो ज्या खांबाशी बसायला निघाला होता तिथं त्याला बसताच येत नव्हतं, आणि तिच्या समजुतीप्रमाणे हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

घरी जाताना इयाकोपो खुशीत होता. "रविवारी तुझं मशीन आण," तो म्हणाला. "मी माझा मोठा टीव्ही आणतो. तार जोडायची आणि सगळ्यांना दाखवायचं."

"काय दाखवायचं?"

"वंशावळ. कोण कोणाचा ते. इकडे तेलेसिया ओरडते, तिकडे लेमानाकाकांच्या फुआतिनोकाकू कण्हतात. मशीनला ना माहेर ना सासर."

"काका, वंशावळ अशी उजेडात काढायची नसते."

"तू वर्गात काढलीस तेव्हा दिवे बंद होते का?" तो हसला. "झावळ्यांचे पडदे सोडू खाली. माझ्या बापाची ओळ आहे ना त्यात?"

"आहे."

"कशी भरलीस?"

"आजीनं सांगितली तशी."

"मग झालं," इयाकोपो म्हणाला आणि शीळ घालायला लागला.

तिला तिथंच सांगायचं होतं. पण तेवढ्यात अमेरिकेतल्या टकोमाहून त्याच्या मुलीचा, तालियाचा फोन आला. तिला सप्टेंबरात बाळ होणार होतं. पाळणा कुठला घ्यावा यावर बापलेकीचं गावाच्या वेशीपर्यंत चाललं. लिताराचं सांगणं राहून गेलं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार डुकराला आणि कंदांना गेला. रविवारी पहाटे मागच्या अंगणात पुरुषांनी दगडांची भट्टी पेटवली. धूर घरात यायला लागला तेव्हा लितारा मागच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसली. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: सगळं कूळ टीव्हीकडे बघतंय, आणि इयाकोपोला एकसष्टाव्या वर्षी, चारचौघांत, कळतंय की आपण इथले नव्हेच. मग तो उठणार, वाकून, माफी मागत, आणि दाराजवळ जाऊन बसणार. हे तिला बघवलं नसतं.

तिनं फालानिकोच्या ओळीत 'वाढवलेला' पुसून 'जन्मलेला' केलं.

मशीननं लगेच कारण विचारलं. बाईंनी प्रत्येक प्रोजेक्टला आणखी एक तक्ता सक्तीचा केला होता, बदलांची वही. कोणी काहीही फिरवलं की जुनं काय, नवं काय, कोणी, किती वाजता आणि का, हे त्यात आपोआप उतरायचं. ती वही पुसता येत नव्हती. पुसता आली तर ती वही कसली, असं बाई म्हणायच्या. लितारानं कारण लिहिलं: चूक दुरुस्ती. वेळ पडली पाच वाजून वीस मिनिटं. मग तिनं पुन्हा विचारलं, सिओनेच्या रक्ताची माणसं कोण? त्र्याण्णव नावं आली, त्यांत तिचंही. तिला हलकं वाटलं.

बैठकीच्या घरात टीव्ही ठेवायचा कुठं यावरच पहिला अर्धा तास गेला. बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यापेक्षा उंच काही ठेवायचं नाही, म्हणून टेबल बाद झालं. शेवटी टीव्ही चटईवर मांडला आणि तो दिसावा म्हणून सगळं कूळ कोपरांवर टेकून वाकलं. मुलांना समुद्राकडे पिटाळलं. कुत्री हाकलली. झावळ्यांचे पडदे सोडले. खांबाखांबाशी वडीलधारी माणसं मांडी घालून बसली. मध्ये, टीव्हीशेजारी, लितारा.

"मला हे पसंत नाही," तेलेसियानं सुरुवातच तिथून केली. "आईनं ही वंशावळ तोंडानं दिली. टीव्हीवर यायला ती काय बातमी आहे?"

समोरच्या खांबाशी लेमानाची विधवा, फुआतिनोआजी, एक्क्याऐंशी वर्षांची, विणलेल्या पंख्यानं वारा घेत होती. "पन्नास वर्षांत ही पोरगी पहिल्यांदा माझ्या मनातलं बोलली," ती म्हणाली. "बंद करा ते."

लोक हसले. तेलेसियाला आनंद व्हावा की राग यावा ते कळेना.

"मी म्हणतो, दाखवावं," ताविता म्हणाला. त्याचा आवाज डीकनचा, मऊ. "लपवायचं काय आहे त्यात?"

"मीही तेच म्हणतो," इयाकोपो म्हणाला.

अशी गंमत झाली. जे दोघं एकमेकांसमोर उभे, ते एका बाजूला. ज्या दोघींनी पन्नास वर्षं एकमेकींच्या हातचं पाणी नावं ठेवल्याशिवाय प्यायलं नव्हतं, त्या दुसऱ्या बाजूला. लिताराच्या ध्यानात आलं की म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. दोघींना. ताविताला लूपेनं सांगितलंय. ज्याला ठाऊक नाही असा इथं एकच माणूस, आणि तो पुढं वाकून गुडघ्यावर हात चोळतोय.

तिनं मशीनला प्रश्न विचारला. नावं पडद्यावर उतरली. सिओने. त्याखाली फालानिको, जन्मलेला. त्याखाली लेमाना, जन्मलेला. मग इयाकोपो, तेलेसिया, ताविता आणि सगळी भावकी.

तेलेसियाचं तोंड उघडं राहिलं. मिटायला तिला दोन क्षण लागले, पण मिटल्यावर तिनं मान अशी ताठ केली की जणू हे तिनंच सांगून ठेवलं होतं. फुआतिनोआजीनं चष्मा चढवला, ती ओळ दोनदा वाचली, चष्मा उतरवला आणि पडद्याऐवजी लिताराकडे बघायला लागली.

लितारानं इयाकोपोकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसत होता. हात चोळायचे थांबले होते. त्याला भरून आलं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

"हे असं नव्हतं," ताविता म्हणाला.

"काय असं नव्हतं?" तेलेसिया.

"लूपे. तू बुधवारी काय वाचलंस ते सांग."

लूपे पाठीमागे बायकांत बसली होती. तिनं चटईची एक कड हातात धरली. "'वाढवलेला' होतं," ती म्हणाली.

"पोरीला चष्मा लागलाय का बघा," तेलेसिया म्हणाली. "नाही तर बापानं शिकवलंय."

"आत्या, मला कोणी शिकवलं नाही. तिथं दुसरा एक तक्ता असतो. कोणी काही बदललं की तो लिहून ठेवतो. कोणी, कधी, का. तो उघडला की कळेल." मग ती हळूच म्हणाली, "ताई, मी आपणहून बोलणार नव्हते."

लिताराचे हात कळांवर होते. तो तक्ता उघडायला एक कळ पुरली असती. वंशावळ खोटी सांगणाऱ्याचं तोंड वाकडं होतं असं आमच्याकडे म्हणतात. तोंड होवो न होवो वाकडं, त्या माणसाला पुढं घरात कोणी काही सांगत नाही, काही विचारत नाही, आणि त्याच्यापाशी असलेली वंशावळ मेल्यासारखी धरतात. मालियाआजीनं अकरा पिढ्या तिच्या हवाली केल्या होत्या आणि तिनं चार दिवसांत त्या बुडवल्या होत्या. 

"उघड," ताविता म्हणाला.

तिनं बोट उचललं. तेवढ्यात इयाकोपो, बसलेल्यांपुढं ताठ उभं राहायचं नसतं म्हणून गुडघ्यांवरच, सरकत आला आणि त्यानं लॅपटॉपचं झाकण खाली दाबलं. पडदा निळा झाला.

"राहू दे," तो म्हणाला.

"का राहू दे?" ताविता म्हणाला. "आणायचा आग्रह तुझाच होता, दादा."

"कारण त्यात काय निघेल ते मी इथंच सांगतो. बदल निघेल. मी करायला सांगितला. बुधवारी गाडीत तिनं मला सांगितलं, बापाची ओळ अशी भरलीय. मी म्हटलं चुकलीस, नीट कर. तिनं केलं."

लितारानं मान वर केली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"मग बरोबर काय?" ताविता म्हणाला. "तुझ्या तोंडानं ऐकू दे."

इयाकोपोनं दोन्ही तळवे चटईवर टेकले. मग लष्करात हुकूम वाचतात त्या सपाट आवाजात म्हणाला, "फालानिको सिओनेचा जन्मलेला मुलगा. हे मी या घरात बसून सांगतोय."

आता ताविताला बोलायला जागा उरली नाही. घरात बसून दिलेला वडीलधाऱ्याचा शब्द खोटा आहे असं म्हणायचं, तर त्याच्याहून वडीलधाऱ्यानं म्हणायचं. असं एकच माणूस होतं. सगळ्यांनी कोपरांवरूनच माना वळवल्या.

फुआतिनोआजीचा पंखा चालू होता. "इयाकोपो, तू शब्द दिलास?"

"दिला, काकू."

"मरेपर्यंत इथंच राहशील?"

बाहेर मुलं समुद्रात ओरडत होती. इयाकोपोनं घसा साफ केला. "राहीन."

"मग आहे ते तसंच आहे," फुआतिनोआजी म्हणाली. "नाव थोरल्या पातीचं."

"आई, तुला माहीत आहे," ताविता म्हणाला.

"मला पुष्कळ माहीत आहे. तुझा बाप हे नाव अंगावर घेऊन पंचवीस वर्षं झोपला, आणि रोज रात्री पाठ मी चोळली. तू झोप नीट. आणि एक ऐकून ठेव. डुकरं काय, कोणीही गोळा करतो. दुसऱ्याचं चुकलेलं आपल्या अंगावर घेता येतं का, एवढंच बघायचं असतं." तिनं पंख्यानं ताविताला खूण केली. "आता पाय दुमड आणि त्याला मान दे."

तावितानं टीव्हीच्या निळ्या पडद्याकडे एकदा पाहिलं. मग त्यानं पाय दुमडले आणि इयाकोपोसमोर कपाळ चटईला टेकवलं. तेलेसिया रडायला लागली, मोठ्यानं, आणि रडता रडता कुठल्या चटया कुठल्या पेटीत आहेत ते बायकांना सांगायला लागली.

जेवण झकास झालं. नारळाच्या दुधातली अळूची पानं, भाजलेले कंद, डुक्कर, टिनातलं मांस. पहिलं ताट इयाकोपोपुढं ठेवलं. त्यानं थोडं खाल्लं आणि रिवाजाप्रमाणे बाकीचं पोरांकडे पाठवलं. लितारा आणि लूपे ताटं उचलत एकमेकींसमोर आल्या.

"मंगळवारी बाई वही उघडायला लावतील," लूपे म्हणाली.

"बाईंना वंशावळ कळत नाही. त्यांना फक्त वही चालते का ते बघायचंय."

"आणि मला काही म्हणणार नाहीस?"

"तुला काय म्हणू? तू खरं तेच बोललीस." लितारानं तिच्या हातातली दोन ताटं आपल्या ताटांवर घेतली.

संध्याकाळी टीव्ही दोरीनं बांधून पिकअपमध्ये मागे टाकला आणि दोघं निघाले. रस्ता किनाऱ्यानं जातो. पुढच्या गावात शिरले आणि प्रार्थनेची घंटा झाली. लुंग्या नेसलेले गावचे दोन तरुण रस्त्यात उभे राहिले, हात वर. ती दहा मिनिटं गावात कोणी चालत नाही, गाडी तर नाहीच. इयाकोपोनं गाडी कडेला घेऊन बंद केली.

"काका," लितारा म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. पण तुम्हाला माहीत नाही की ते खरंच खोटं होतं. आजोबांना..."

"मनूआच्या बेटावरून आणलं होतं. होडीतून. चाळीस दिवसांचे होते." तो समोरच्या काचेतून बघत होता. "मी भरती व्हायला निघालो त्याच्या आदल्या दिवशी आईनं सांगितलं. म्हणाली, लांब चाललास, माहीत असलेलं बरं."

घराघरांतून भजनं सुरू झाली. 

"मग टीव्ही कशाला लावायला सांगितलात?"

"तालियानं माझ्यासाठी खोली रंगवलीय. दोन खिडक्या आहेत म्हणे. बाळ व्हायच्या आधी मला जायचं होतं, कायमचं." तो सावकाश बोलत होता, पाढा म्हणावा तसा. "कूळ देतंय ते नको म्हणता येत नाही. तेलेसियाला तर नाहीच. आणि बापाचं मी माझ्या तोंडानं सांगायचं, तर आईनं राखलेलं गुपित मी फोडलं असं झालं असतं. तू म्हणालीस, आजीनं सांगितली तशी भरली. म्हटलं, चला. आपल्याला काही बोलायला नको. ओळ दिसेल, ताविता नाव घेईल, मी तिकीट काढीन."

लितारानं तोंडावर हात धरला. तिला रडू येत नव्हतं. 

"मला वाटलं, तुम्हाला चारचौघांत लाज..."

"तुला काय वाटलं ते ओळ बघितल्याबरोबर कळलं मला."

"तुम्ही वही उघडू द्यायची होतीत. एक कळ होती. तुम्ही सुटला असतात."

"हो," इयाकोपो म्हणाला. "सुटलो असतो."

"मी ताविताकाकांकडे जाते. आत्ता. सगळं सांगते, ओळ पूर्वीसारखी करते."

"ती तुझी चूक होती तोवर तुला दुरुस्त करता येत होती. आता ती माझी आहे, मी घरात बसून सांगितलेली. तू फिरवलीस तर मी खोटा. खोट्या माणसाच्या हाती नाव, म्हणजे कुळाची अब्रू गेली." त्यानं चावीशी चाळा केला. "ती आता तशीच राहील. तू मंगळवारी जा, पदवी घे."

भजनं संपली. घंटा झाली. रस्त्यातल्या तरुणांनी हात खाली केले आणि गाडी ओळखून, आत कोण आहे ते ओळखून, दोघंही कमरेत वाकले. बातमी गाडीच्या आधी पोचली होती. इयाकोपोनं त्यांच्याकडे बघून मान झुकवली. अजून त्याला ती प्रमुखासारखी झुकवता येत नव्हती.

गाडी सुरू झाली. 

"काका..." लितारा म्हणाली.

"हे बघ," तो म्हणाला, "आता लोकांदेखत काका म्हणायचं नाही. नावानंच हाक मारायची. तेलेसियासुद्धा तशीच मारणार."

"लोकांदेखत नाही म्हणणार. गाडीत?"

त्यानं गिअर बदलला. वळण गेलं, दुसरं वळण आलं, समुद्र उजवीकडून मागे पडला. तो खरोखरच विचार करत होता.

"गाडीतसुद्धा नको," तो म्हणाला. "दोघांनाही सवय व्हायला पाहिजे."

"बरं, माताउलोआ," लितारा म्हणाली.